छोट्या साप्ताहिकाने संपादकीय धोरण जाहीर करायचं तर काय लिहावं, आणि त्याचा जाब कोणी विचारावा?

तुमचा प्रश्न असा आहे की तालुक्याच्या गावातून तुमचं साप्ताहिक निघतं, त्याच नावाचं पोर्टल आणि यूट्यूब चॅनेल आहे, ऑफिसात माणसं चार आणि गावोगावचे वार्ताहर वेगळे, गेल्या निवडणुकीनंतर लोक तोंडावर म्हणायला लागले की तुम्ही अमक्या गटाचे, आणि आता तुम्हाला संपादकीय धोरण लिहून सगळ्यांसमोर ठेवायचंय. त्यात काय लिहायचं, तक्रार कोणी ऐकायची, आणि मालक-संपादक एकच माणूस असेल तर त्याला जाब कोण विचारणार, असे तीन भाग झाले. मी डेस्कवर बरीच वर्षं काढली आणि आता छोट्या प्रकाशनांना अशी धोरणं बसवून देते, त्यामुळे उत्तर लांबेल पण नीट सांगते.

धोरण लिहिणं हा यातला सोपा भाग आहे, एका दुपारचं काम. ‘आम्ही निर्भीड, निःपक्षपाती आणि सत्यनिष्ठ पत्रकारिता करतो’ हे वाक्य लिहायला काहीच लागत नाही आणि ते मोडलं हे कुणाला सिद्धही करता येत नाही, म्हणून ते लिहूच नका. वाचकाला तुम्हाला पकडता येईल अशी वाक्यं लिहा. म्हणजे कशी? ‘बातमीत ज्याच्यावर आरोप आहे त्याला छापण्याआधी फोन करू, आणि त्याने उत्तर दिलं नाही तर कधी आणि किती वेळा फोन केला ते बातमीतच लिहू.’ आता उद्या पतसंस्थेच्या चेअरमनवर बातमी आली आणि त्यात त्यांची बाजूही नाही आणि फोन केल्याचा उल्लेखही नाही, तर गावातला कुणीही माणूस तुमच्या ऑफिसात येऊन बोट ठेवू शकतो की हे तुम्हीच लिहिलंय. प्रत्येक कलमाला हाच एक प्रश्न विचारा, हे मोडलं तर बाहेरच्या माणसाला कळेल का? कळणार नसेल तर ते कलम काढा किंवा बदला. अशी आठ-दहा वाक्यं पुरतात. मोठ्या संस्थांच्या वीस पानी आचारसंहिता उतरवून घेऊ नका, तुमचा वार्ताहर ती वाचणार नाही आणि वाचकही वाचणार नाही.

जबाबदार कोण याचं एक उत्तर कायद्याने आधीच दिलेलं आहे. 1867 च्या कायद्यापासून अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं छापावी लागतात, आता त्या जागी 2023 चा नियतकालिक नोंदणी कायदा आलाय आणि तो 1 मार्च 2024 पासून लागू आहे. शेवटच्या पानाच्या तळाला ती बारीक ओळ असते ना, ‘मालक, मुद्रक, प्रकाशक यांनी अमुक प्रेसमध्ये छापून प्रसिद्ध केले’, ती तीच. पण ती ओळ कोर्टासाठी आहे, केस कुणावर टाकायची ते ती सांगते, वाचकाने चूक दिसल्यावर कुणाकडे जायचं ते सांगत नाही. आणि तिच्याच शेजारी बहुतेक साप्ताहिकांत आणखी एक ओळ असते, ‘या अंकात प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही.’ ही ओळ पाहुण्या लेखकाच्या लेखाखाली ठेवा, तिथे ती योग्य आहे. अख्ख्या अंकाला लावू नका. बातमी तुम्ही निवडली, हेडिंग तुम्ही दिलं, पान तुम्ही लावलं, मग त्या मजकुराशी तुमचा संबंध नाही असं वाचकाला सांगायचं आणि त्याच अंकात उत्तरदायित्वाचं धोरण छापायचं, हे एकत्र चालत नाही.

आता खरा भाग, दुरुस्ती. माझं ठाम मत आहे की प्रकाशनाची पत त्याच्या दुरुस्तीवरून कळते, धोरणावरून नाही. आपल्या पुण्यातलंच प्रकरण घ्या. सप्टेंबर 2008 मध्ये गाझियाबादच्या प्रॉव्हिडंट फंड घोटाळ्याच्या बातमीत एका इंग्रजी न्यूज चॅनेलने नावाच्या साधर्म्यामुळे दुसऱ्याच न्यायाधीशाचा फोटो दाखवला, साधारण 15 सेकंद. तो फोटो होता न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा, सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायाधीश आणि वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्या प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. चूक लक्षात आल्यावर चॅनेलने फोटो थांबवला, पण ‘आम्ही चुकीच्या माणसाचा फोटो दाखवला’ हे तिथल्या तिथे सांगितलं नाही, सावंतांनी पत्र पाठवल्यावर मग खुलासा चालवला. 2011 मध्ये पुण्याच्या कोर्टाने 100 कोटींची नुकसानभरपाई ठरवली. अपिलात हायकोर्टाने 20 कोटी जमा करा आणि 80 कोटींची बँक गॅरंटी द्या असं सांगितलं, सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. रक्कम अवाढव्य होती, त्यावर त्या वेळी बरीच टीकाही झाली आणि माझ्या मते ती टीका रास्त होती, कारण एवढ्या रकमेच्या भीतीने छोटा पेपर बंदच पडेल. पण मधले दिवस बघा. चूक 15 सेकंदांची आणि गप्प बसणं कित्येक दिवसांचं. चूक सगळ्यांकडून होते हे माणूस समजून घेतो, चूक कळूनही तुम्ही गप्प राहिलात हे तो विसरत नाही.

म्हणून दुरुस्ती कशी करायची हे धोरणात बारकाईने लिहा. आपल्याकडे छापतात ती दुरुस्ती अशी असते: ‘गेल्या अंकातील वृत्तात अनवधानाने काही त्रुटी राहिल्या, त्याबद्दल दिलगीर आहोत.’ कुठली बातमी, काय चुकलं, खरं काय, यातलं काहीच त्यात नाही. ज्याने मूळ बातमी वाचली त्याच्या डोक्यात चुकीचीच माहिती राहिली. नमुन्यादाखल, ती अशी हवी: ‘दुरुस्ती. पाणीपुरवठ्याच्या 12 जूनच्या पहिल्या पानावरच्या बातमीत ठेकेदाराला 42 लाखांचं बिल दिल्याचं छापलं होतं. नगरपालिकेच्या कागदावर ही रक्कम 4 लाख 20 हजार आहे. आकडा आमच्याकडून चुकला, ठेकेदाराचा यात दोष नाही.’ एवढंच. शेवटचं वाक्य मुद्दाम आहे, कारण ज्या माणसाचं नाव खराब झालं त्याला नेमकं तेच छापून हवं असतं आणि आपण नेमकं तेच गाळतो.

जागेचंही लिहून ठेवा. पहिल्या पानावरच्या चुकीची दुरुस्ती सातव्या पानावर निविदांच्या खाली जाते, तसं नको, एक ठरावीक जागा ठरवा आणि दर अंकात तिथेच छापा म्हणजे लोकांना शोधावी लागणार नाही. पोर्टलवर बातमी गुपचूप बदलू नका. शुद्धलेखनाची चूक असेल तर सरळ दुरुस्त करा, पण नाव, आकडा, आरोप, तारीख यातलं काही बदललं तर बातमीखाली तारीख-वेळेसह लिहा की आधी काय होतं आणि आता काय आहे. लोकांकडे स्क्रीनशॉट असतो हे गृहीतच धरा. यूट्यूबचं वेगळं आहे, तिथे व्हिडिओतलं वाक्य सहज बदलता येत नाही, मग डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये दुरुस्ती टाका, आणि चूक मूळ आरोपातच असेल तर व्हिडिओ खाली घ्या आणि का घेतला ते सांगा. थंबनेलसुद्धा मजकूरच आहे हे धोरणात स्पष्ट लिहा, बातमीत ‘चौकशीची मागणी’ आणि थंबनेलवर ‘महाघोटाळा’ असं असेल तर तक्रार थंबनेलवर येणार आणि ती बरोबरच असणार.

व्हॉट्सअॅप हे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, कारण तालुक्यात पोर्टलच्या लिंकपेक्षा ग्रुपवरची पोस्ट जास्त वाचली जाते. तिथे माझा एकच नियम आहे, चूक ज्या ग्रुपवर गेली त्याच ग्रुपवर दुरुस्ती गेली पाहिजे, मूळ पोस्टला रिप्लाय करून. नुसतं ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, तोवर ती पोस्ट दहा ग्रुपवर गेलेली असते आणि पुसल्यामुळे उलट संशय वाढतो.

तक्रार कोणी ऐकायची? बातमी लिहिणाऱ्याने किंवा पास करणाऱ्याने नाही, हे पहिलं. इंग्लंडच्या गार्डियनने 1997 मध्ये रीडर्स एडिटर नेमला, वाचकांच्या बाजूने बसणारा माणूस, ज्याला संपादक हटवू शकत नाही. आपल्याकडे द हिंदूने 2006 मध्ये के. नारायणन यांना त्या पदावर बसवलं. अमेरिकेत वॉशिंग्टन पोस्टकडे 1970 पासून असा माणूस होता, आणि 1981 मध्ये त्यांच्याच एका बातमीदार बाईंची, पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार मिळालेली, हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची बातमी बनावट निघाली तेव्हा या पदावरच्या बिल ग्रीन यांनी न्यूजरूममधल्या लोकांशी बोलून, कुणी कुठे शंका घेतली आणि ती कुठे दाबली गेली, याचा भलामोठा अहवाल त्याच पेपरात छापला. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट फार मोलाची वाटते. पुढे पोस्टने 2013 मध्ये हे पद बंद केलं, न्यूयॉर्क टाइम्सने 2003 मध्ये सुरू केलेलं पब्लिक एडिटर पद 2017 मध्ये बंद केलं, आणि कारण असं दिलं की आता सोशल मीडियावरचे वाचकच लक्ष ठेवतात. हे मला अजिबात पटलेलं नाही. सोशल मीडियावरचा वाचक आरडाओरड करू शकतो, पण बातमीदाराची डायरी उघडून दाखव असं म्हणू शकत नाही. आतला माणूस बोलावून, नोट्स मागवून, कॉल रेकॉर्ड बघून निर्णय देणारा कुणीतरी लागतोच.

चार माणसांच्या ऑफिसात पगारी रीडर्स एडिटर कुठून आणणार, हे खरंय. मी सुचवते ते असं की गावातला एखादा निवृत्त मुख्याध्यापक, ग्रंथपाल, वकील असा माणूस बघा, ज्याचं नाव कुठल्या पार्टीच्या यादीत नाही, जो कारखान्याचा किंवा बँकेचा संचालक नाही आणि तुमच्या सोयरिकीतला नाही. शेजारच्या तालुक्यातली दोन-तीन साप्ताहिकं मिळून एकच माणूस ठेवला तर आणखी बरं, मानधनही वाटून जातं आणि तो एकाच मालकाच्या उपकारात राहत नाही. मानधन द्याच, फुकटच्या माणसाला काम सांगता येत नाही. त्याला जे पत्र द्याल त्यात तीन गोष्टी असू द्या: मुदत दोन वर्षांची आणि मालकाला मध्येच काढता येणार नाही, कुठल्याही बातमीची टिपणं आणि रेकॉर्डिंग मागवायचा हक्क, आणि त्याचा निर्णय शब्दही न बदलता पुढच्या अंकात छापला जाईल. गुप्त सूत्राचं नाव तेवढं त्यातून वगळा. तुमच्या ‘मालकाला जाब कोण विचारणार’ या प्रश्नाचं उत्तर या तिसऱ्या अटीत आहे. तो मालकाला दंड करू शकत नाही, पण मालक चुकला हे मालकाच्याच पेपरात छापून येऊ शकतं, आणि तालुक्याच्या गावात ते पुष्कळ आहे. तो अग्रलेखातल्या मताबद्दलच्या तक्रारी घेणार नाही, फक्त वस्तुस्थिती, वागणूक आणि पैशाचे संबंध, हेही लिहा, नाहीतर प्रत्येक गट आपल्या नेत्यावरच्या टीकेची तक्रार घेऊन येईल.

मुदतीचं काय? 25 फेब्रुवारी 2021 च्या आयटी नियमांत डिजिटल बातम्यांच्या प्रकाशकांसाठी तक्रार निवारण अधिकारी, 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय असं आहे. या नियमांतल्या आचारसंहितेच्या आणि त्रिस्तरीय यंत्रणेच्या (आधी प्रकाशक, मग प्रकाशकांची संस्था, वर सरकार) तरतुदींना, म्हणजे नियम 9 च्या पोटनियम 1 आणि 3 ला, मुंबई हायकोर्टाने 14 ऑगस्ट 2021 ला स्थगिती दिली, कारण सरकारी देखरेखीने लिहिण्याच्या स्वातंत्र्यावर दडपण येतं. तुमच्यावर यातलं नेमकं काय बंधनकारक आहे ते वकिलाकडून लिहून घ्या. पण पोच 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत ही मुदत मुळात शहाणपणाची आहे, सरकार सांगो न सांगो, ती तुम्ही स्वतःहून घ्या. छापील अंकासाठी प्रेस कौन्सिल आहे, 1966 ला आलं, आणीबाणीत गुंडाळलं, 1978 च्या कायद्याने परत उभं राहिलं. ते ताकीद देऊ शकतं, ठपका ठेवू शकतं, दंड करू शकत नाही. तिथे जाण्याआधी तक्रारदाराने संपादकाला लिहिणं अपेक्षित असतं, म्हणजे तुमच्याकडे आलेलं पत्र हा पुढच्या कार्यवाहीतला कागद असतो. तेव्हा एक साधं आवक रजिस्टर ठेवा, तारीख, तक्रार, कोणाकडे दिली, काय ठरलं. फोनवर आलेली तक्रारही त्यात लिहा, कारण आपल्याकडे लेखी कमी आणि फोनवर जास्त येतात, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची तक्रार तोलामोलाची धरली गेली पाहिजे.

पैशाचं कलम सगळ्यात अवघड जातं, आणि लोक तुम्हाला अमक्याचे म्हणतात तेही याच्यावरूनच. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात काय झालं ते आठवत असेल, पत्रकार पी. साईनाथ यांनी द हिंदूत दाखवून दिलं की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी पेपरांत एकच स्तुतीचा मजकूर शब्दशः छापला गेला होता आणि त्याला जाहिरात म्हटलेलं नव्हतं. याच्या चौकशीला प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली, त्यांनी पेपरांच्या नावांसकट 71 पानी अहवाल दिला आणि 2010 मध्ये कौन्सिलने तो अख्खा न छापता छोटा अहवाल काढला. मूळ अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011 मध्ये बाहेर आला. दुसऱ्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेला ती नावं छापायला बाहेरून आदेश लागावा, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या पातळीवर गाठ कुठे आहे ते सांगते. गावचा वार्ताहर बातमीही पाठवतो आणि जाहिरातही आणतो, त्याचं मानधन नावापुरतं, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. ज्या सरपंचाकडून त्याला वाढदिवसाची पाऊण पान जाहिरात आणायचीय त्याच सरपंचाच्या रस्त्याच्या कामाची बातमी त्यानेच करायची. तो माणूस वाईट नाही, त्याला आपण तिथे उभं केलंय. शक्य असेल तर जाहिरातीला वेगळा माणूस ठेवा. शक्य नसेल तर निदान इतकं करा की ज्याच्याकडून वार्ताहराने वर्षभरात जाहिरात घेतली त्याच्यावरची बातमी दुसरा करेल, आणि तसं धोरणात छापा. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हाच शब्द, हेडिंगच्या वर, बातमीच्याच आकाराच्या अक्षरात. ‘उपक्रम’, ‘विशेष’, ‘प्रायोजित’ असल्या शब्दांनी वाचकाला कळत नाही. आणि मालकाचे संबंध जाहीर करा. मालकाचा भाऊ दूध संघावर आहे, मालकाच्या शिक्षण संस्थेला अनुदान आहे, तुमच्या पेपरला सर्वांत मोठी जाहिरात साखर कारखान्याची आहे, तर हे एका पानावर लिहा आणि त्या संस्थांच्या प्रत्येक बातमीखाली एक ओळ टाका. सुरुवातीला फार जड वाटतं. पण तालुक्यात हे सगळ्यांना माहीतच असतं, तुम्ही सांगत नाही एवढीच त्यांची तक्रार असते.

एका कलमावर तडजोड नको. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम 23 पीडित मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर असं काहीही छापायला मनाई करतं, आणि कर्मचाऱ्याने चूक केली तरी मालक आणि प्रकाशकही जबाबदार असतात. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष, किंवा दंड, किंवा दोन्ही. नाव छापत नाही म्हणून आपण निश्चिंत असतो, पण ‘अमक्या वाडीतील सातवीच्या विद्यार्थिनीवर मामाचा अत्याचार, मामाचं नाव अमुक’ असं छापलं की शंभर उंबऱ्यांच्या वाडीत त्या मुलीचं नाव छापल्यासारखंच झालं. म्हणून धोरणात लिहा की अशा बातमीत तालुक्याच्या खाली ठिकाण जाणार नाही, नातं आणि आरोपीचं नाव एकत्र जाणार नाही, आणि नावावरूनच मुलगी ओळखू येणार असेल तर नावही जाणार नाही. प्रौढ पीडितेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहे, आधीचं भारतीय दंड संहितेचं 228 अ. आत्महत्येच्या बातमीतही पद्धत, चिठ्ठीचा फोटो आणि एकच एक कारण टाळा, शेतकऱ्याची असो की परीक्षेतल्या मुलाची.

जुन्या बातम्यांचं बहुतेक जण विसरतात. सहा वर्षांपूर्वी अटक झाली, तुम्ही छापलं, तो माणूस निर्दोष सुटला आणि ते तुम्ही छापलंच नाही, आता नोकरीच्या चौकशीत कुणी त्याचं नाव गूगलवर टाकलं की पहिली तुमचीच बातमी येते. असा माणूस निकालाची प्रत घेऊन आला तर बातमी पुसू नका, तिच्या हेडिंगमध्येच निर्दोष सुटल्याचं लिहा आणि वर निकालाची तारीख टाका. मात्र ‘साहेबांना आवडलं नाही, बातमी काढा’ असा फोन आला तर ती काढायचा निर्णय संपादक एकटा घेणार नाही, तक्रारी ऐकणाऱ्या बाहेरच्या माणसाला विचारूनच घेईल, आणि काढलेल्या प्रत्येक बातमीची कारणासह नोंद राहील, एवढं धोरणात असेल तर तो फोन घेणाऱ्यालाही आधार मिळतो. मी बघितलंय की लेखी नियम दाखवता आला की समोरचा निम्म्या वेळा तिथेच थांबतो.

सुरुवात करताना धोरण आधी जाहीर करू नका, दुरुस्तीची जागा आधी सुरू करा. दोन-तीन महिने दर अंकात नेमाने दुरुस्त्या छापा, रजिस्टर चालू द्या, म्हणजे कुठली कलमं तुम्हाला पाळता येतात ते कळेल, आणि जी पाळता येतात तेवढीच लिहा. मग पूर्ण धोरण अंकात छापा, पोर्टलवर टाका, तक्रारीसाठी एक फोन नंबर आणि माणसाचं नाव दर अंकात द्या. त्यावर मालकाची, संपादकाची आणि प्रत्येक वार्ताहराची सही घ्या, वार्ताहराला नुसता कागद पाठवू नका, बोलावून बसवा आणि त्याच्याच गेल्या महिन्याच्या बातम्या समोर ठेवून कुठलं कलम कुठे लागलं असतं ते त्याच्याशी बोला. वर्षाच्या शेवटी रजिस्टरवरून एक चौकट छापा: किती तक्रारी आल्या, किती खऱ्या निघाल्या, किती दिवसांत उत्तर दिलं, कुठली मुदत चुकली. पहिल्या वर्षी आकडा मोठा दिसेल आणि विरोधक तो दाखवत फिरतील, तरीही छापा, आणि दुसऱ्या वर्षी त्याच जागी, त्याच नमुन्यात परत छापा.